दोन सह्यांचा कागद

१

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मामांनी बाबाराव ढोमण्यांचं मृत्युपत्र वाचायला हातात घेतलं आणि ते कोरं निघालं.

अगदी कोरं नाही. लॅमिनेशन केलेला फुलस्केप कागद, आणि त्यावर खाली डाव्या अंगाला निळ्या बॉलपेनाच्या दोन सह्या. त्यांच्या वर काही नाही. मजकूर नाही, तारीख नाही, आणि ज्याचं मृत्युपत्र त्याचीही सही नाही.

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कागद उलटा केला. मागेही काही नव्हतं.

"हे कोणी ठेवलं इथं?" दिपालीताई म्हणाली. तिनंच पाच मिनिटांपूर्वी वडिलांच्या आलमारीतून तो पाकिटासकट काढून मामांना दिला होता. "हा नाही तो कागद. बाबांनी पूर्ण पान भरून लिहिलं होतं. माया डोळ्यांसमोर."

"सह्या तर आमच्याच आहेत," शेजारचे संघपालकाका म्हणाले. ते मौद्याच्या वीज केंद्रातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या बाजूला दुसऱ्या साक्षीदार सत्यवतीकाकू बसल्या होत्या. त्यांनीही वाकून पाहिलं आणि मान हलवली.

मी त्या घरात असण्याचं कारण साधं होतं. वकील असलेल्या शरच्चंद्र मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांची गाडी मी चालवत होते. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय, पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. कायद्यातलं मला काही कळत नाही. पण सगळे त्या कागदाकडे बघत असताना मी माणसांकडे बघत होते.

दिपालीताईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. साक्षीदार गोंधळले होते. फक्त एक माणूस अजिबात दचकला नव्हता. बाबारावांचा मुलगा सुशील खुर्चीत मागे रेलून पंख्याकडे बघत होता, जणू हे असंच होणार हे त्याला आधीपासून ठाऊक होतं.

२

हनुमाननगरातलं ते घर दुमजली आहे. खाली बाबाराव आणि दिपालीताई राहत. वर भाडेकरू असायचे, आता कोणी नाही. बाबारावांचं मेडिकल चौकाजवळ स्टेशनरीचं दुकान होतं. कॉलेजात असताना माझ्या सगळ्या गुणपत्रिका मी त्यांच्याकडेच लॅमिनेट करून घेतल्या. दुकान बंद झालं तेव्हा उरलेला माल, कातरी आणि लॅमिनेशनचं मशीन घरी आलं.

सुशीलचं सावनेरला सिमेंटचं दुकान. महिन्यातून एकदा तो यायचा, दवाखान्याची बिलं भरायचा आणि परत जायचा.

"कायद्यानं काय होतं?" मी मामांना बाजूला घेऊन विचारलं.

"मृत्युपत्र नसलं तर भाऊ-बहीण निम्मे-निम्मे. आणि सुशील त्याचा अर्धा हिस्सा विकणार. बिल्डर तयार आहे. अर्ध्या घरात दिपाली कुठे राहील? तिलाही विकावंच लागेल."

"त्यांनी तुमच्याकडून का नाही करून घेतलं?"

मामा कडवट हसले. "खर्च! दोन हिवाळ्यांपूर्वी आला होता माझ्याकडे. मृत्युपत्राला किती लागतात म्हणे. मी सांगितलं, मसुदा, टायपिंग, डॉक्टरचं सर्टिफिकेट, नोंदणी, सगळं मिळून बारा हजार. तो म्हणाला, मरायला एवढा खर्च नाही येत वकीलसाहेब. शाळेपासून त्याच्या दुकानात माझं उधारीचं खातं होतं. मी म्हटलं, बाबाराव, माझी फी सोडली. टायपिंग माझ्या ऑफिसात होईल, तेही फुकट. तरी म्हणे नको. हातानं लिहिलेलं चालते ना? मी म्हटलं चालतं, दोन साक्षीदार घे. झालं, उठून गेला. चिक्कू माणूस."

आत आवाज चढले होते.

"नऊ वर्षं मी काढली इथं!" दिपालीताई म्हणत होती. "दोन हिवाळ्यांमागं पारशिवनीच्या शाळेत नोकरी लागली होती मले. पर्मनंट. ऑर्डर हातात होती. बाबा म्हणाले, नको जाऊ, हे घर तुया नावानं करून देतो. त्याच आठवड्यात हे लिहिलं त्यांनी, म्हणाले, आता तुयं घर जपून ठेवलं. मी ऑर्डर परत केली, दादा!"

"मंग मी काय म्हणून राहिलो? मी केलं का हे?"

"तू नाही तर कोण? तुले अर्धं पाहिजे होतं."

"माया अंगावर नको येऊ वं. पोरांच्या ट्यूशन तू घेते. ते पुसायचे पेन कोणाजवळ असतात? तुयाच पोरांजवळ."

सुशीलनं जीभ चावली, पण उशीर झाला होता.

पेनाबद्दल तोवर त्या घरात कोणी एक शब्दही काढला नव्हता.

३

मी दिपालीताईची परवानगी घेऊन तो कागद खिडकीपाशी नेला आणि मोबाइलचा उजेड आडवा पाडला. प्लॅस्टिकच्या आत, कागदावर, अगदी पुसट अशा रेघा होत्या. ओळीमागून ओळ. पेन फिरलं होतं. शाई गेली होती, दाब राहिला होता.

ब्लीच लावून कोणी धुतलं असतं तर कागद सुरकुतला असता, पिवळट डाग पडले असते, आणि खालच्या सह्यांना खेटून असलेल्या ओळी साफ करताना सह्याही फिसकटल्या असत्या. इथे कागद नव्यासारखा होता. सगळी अक्षरं सारखीच गेली होती आणि बॉलपेनाची एकही रेघ बिघडली नव्हती. असं करणारी एकच गोष्ट मला माहीत होती. उष्णता.

मुलं वापरतात त्या खोडता येणाऱ्या जेल पेनाची शाई रबरानं निघत नाही. घासल्यामुळे कागद तापतो आणि साठेक अंशांच्या पुढे शाईचा रंग जातो. लॅमिनेशनचं मशीन त्याच्या जवळजवळ दुप्पट तापतं. त्या पेनानं लिहिलेला कागद मशीनमध्ये एका बाजूनं आत गेला तर दुसऱ्या बाजूनं कोरा येणार.

पण आपल्याकडे लॅमिनेशन कोण करत नाही? रेशनकार्ड, गुणपत्रिका, जन्माचा दाखला, काहीही महत्त्वाचं असलं की पहिल्यांदा प्लॅस्टिकमध्ये. मृत्युपत्रही कोणी जपण्यासाठी तसंच केलं असेल, तर हा गुन्हा नव्हे, नुसती चूक.

मी साक्षीदारांना एकेकटं गाठलं.

सत्यवतीकाकू त्यांच्या अंगणात वड्या वाळत घालत होत्या. "काय लिहिलं ते आम्ही वाचलं नाही बाई. वाचायचं नसतं म्हणे. पण पान भरलेलं होतं, काळ्या शाईनं. त्यांनी आमच्या पुढ्यात खाली सही केली. मी टेबलावरचा तोच पेन उचलला, तर माझ्या हातातून काढून घेतला."

"काढून घेतला?"

"हो ना. खिशातून निळा बॉलपेन दिला. म्हणे, साक्षीदारानं वेगळ्या शाईनं सही करावी लागते, कायदा आहे. मी आपली केली. आणि लवकर उठली. थंडीचे दिवस होते, तरी तिथं बसवेना. बाजूनं आच लागत होती."

संघपालकाका गच्चीवर कूलरमध्ये नवीन खस भरत होते. मी विचारलं, आच कसली होती?

"मशीन," ते लगेच म्हणाले. "तीस वर्षं पॅनलसमोर काढली पोरी, लाल दिवा दिसला का नजर तिथंच जाते. आम्ही गेलो तेव्हाच ते लॅमिनेशनचं मशीन चालू होतं. निघतावेळी लालाचा हिरवा झाला, म्हणजे पुरतं तापलं. मी म्हटलं बाबाराव, बंद करा, काहून वीज जाळून राहिले? ते म्हणाले, काम आहे गा."

"सुशीलभाऊ होते तेव्हा?"

"नाही ना. त्याच्या दुकानाचं उद्घाटन होतं त्या दिवशी सावनेरले. बाप गेला नाही म्हणून रुसला होता तो."

मी जिना उतरले. दिपालीताई फाटकाशी उभी होती.

"मयुरा," ती म्हणाली, "कोणी केलं ते मले नंतर सांग. त्यात काय लिहिलं होतं ते कोणाले कळन का कधी?"

मी म्हटलं, "तुमच्या फ्रिजला फ्रीझर आहे ना?"

४

आधी प्रयोग केला. बाबारावांच्या पलंगाखाली दुकानातल्या मालाचं खोकं होतं. त्यात तसल्या पेनांची अर्धी पेटी निघाली. दिपालीताईच्या विद्यार्थ्यांच्या पेनांची गरजच नव्हती. मी एका कोऱ्या कागदावर माझं नाव लिहिलं, मशीन तापवलं, कागद घातला. पलीकडून निघाला तेव्हा नाव नव्हतं. तो फ्रीझरमध्ये ठेवला. चहा पिऊन होईपर्यंत नाव परत आलं होतं.

"आता तो," मामा म्हणाले. त्यांनी मोबाइलवर चित्रीकरण सुरू केलं, साक्षीदारांना बोलावलं, सुशीललाही समोर बसवलं.

फ्रिज दोन दारांचा होता, सुशीलनंच वडिलांसाठी घेऊन दिलेला. बर्फाचे ट्रे काढून मी कागद आडवा ठेवला. सत्यवतीकाकूंच्या बांगड्या तेवढ्या वाजत होत्या.

कागद बाहेर काढला तेव्हा प्लॅस्टिकवर दव धरलं होतं. दिपालीताईनं पदरानं ते पुसलं आणि तिच्या तोंडून आवाज निघाला.

अक्षरं आली होती. राखाडी, पण स्वच्छ. स्टेशनरीवाल्याचं वळणदार अक्षर. मामांनी मोठ्यानं वाचलं:

"मी बाबाराव ढोमणे, राहणार हनुमाननगर, नागपूर, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो की माझे राहते घर, खालचा व वरचा मजला, माझी मुलगी दिपाली हिला द्यावे. तिने माझी सेवा केली. मुलगा सुशील याचा त्यावर हक्क नाही."

खाली तारीख. सही.

दिपालीताई रडत होती आणि हसत होती. "खोटं नव्हते बोलले बाबा. पाय दादा, खोटं नव्हते बोलले."

मामा सुशीलकडे वळले. "आता बोल. हे पुसून कोणाचा फायदा होता? एकट्या तुझा. त्या पेनाचं तुला आधीच माहीत होतं. आणि सकाळी कागद कोरा निघाला तेव्हा तू दचकला नाहीस."

सुशीलचा चेहरा काळाठिक्कर पडला. "मले माहीत होतं तो कोरा आहे," तो हळूच म्हणाला. "मी पायला होता."

"कुठे?"

"बाबांनीच दाखवला."

५

त्याच्यावर कोणाचाच विश्वास बसला नाही. दिपालीताई तर उठून उभी राहिली. "मेलेल्या माणसावर ढकलतं, लाज वाटत नाही?"

"ऐकून तर घे!" सुशील ओरडला. "गेल्या उन्हाळ्यात माया कानावर आलं का घर तुले लिहून दिलं. मी म्हटलं बाबा, मंग बिलंही तिलेच मागा, मी येत नाही आता. त्यांनी मले आत नेलं, आलमारी उघडली, हा कागद दाखवला. म्हणाले, पाय, काही आहे का यात? ती नोकरीले चालली होती, तिचं समाधान केलं. कोरा कागद आहे. निम्मं तुयं आहेच. मी म्हटलं, इथं तर सह्या आहेत. हसले. म्हणाले, माया दुकानातला पेन आहे, गरम केला का पुसते. तेव्हापासूनची सगळी बिलं मी भरली, दिपे. बायपासचं पण. निम्म्या घराच्या भरवशावर."

"खोटं!"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझ्याकडून एवढंच ऐकायचं होतं की सुशील खोटं बोलतोय. मलाही तेच म्हणायचं होतं. मी कागद परत हातात घेतला.

त्याचा उजवीकडचा वरचा कोपरा तिरपा कापलेला होता.

सकाळपासून तो माझ्या डोळ्यांसमोर होता. माझ्या बी.एस्सी.च्या गुणपत्रिकेचा कोपराही तसाच आहे. बाबाराव प्रत्येक लॅमिनेशनचा तो कोपरा कातरीनं तिरपा उडवायचे. "अंधारात हात घातला तरी कळते, सुलटी बाजू कोणती," असं दुकानात म्हणायचे. दुसऱ्या कोणत्याच दुकानात मी ते पाहिलं नाही.

"दिपालीताई," मी म्हटलं, "तुम्ही मशीन कधी वापरलं?"

"नाही. ते हात लावू देत नव्हते."

"सुशीलभाऊ?"

"अठराव्या वर्षी दुकान सोडलं मी. मशीन तर नंतर आलं."

मग मी सांगितलं. सांगताना माझा आवाज मला आवडत नव्हता.

साक्षीदार बसले होते तेव्हाच मशीन तापत होतं. म्हणजे लॅमिनेशन त्याच दिवशी झालं, ते निघाल्याबरोबर, आणि सुशील त्या दिवशी सावनेरला होता. कोपरा बाबारावांचा. कोपरा कापायचा तर कागद हातात धरावा लागतो, सुलटी बाजू पाहावी लागते. अक्षरं गेलेली त्यांनी तेव्हाच पाहिली. तरी कागद पाकिटात घातला आणि दिपालीताईला सांगितलं की आता तुझं घर जपून ठेवलं.

"म्हातारा माणूस, चुकून झालं असेल," संघपालकाका म्हणाले. "मंग सांगायची लाज वाटली असेल."

"मीही तसंच धरून चालले होते. पण मग साक्षीदारांना वेगळा पेन का दिला? तसा कायदा नाही. मामा, आहे?"

"नाही," मामा म्हणाले.

"ज्याला माहीत आहे की एका पेनाचं लिहिलेलं जाणार आहे आणि दुसऱ्याचं राहणार आहे, तोच असं करतो. सह्या राहायला हव्या होत्या, म्हणजे काकू-काका कधीही छातीठोकपणे म्हणतील की हो, हाच तो कागद. आणि खर्चाचं म्हणाल तर, मामा, तुम्ही फुकट करून देत होता. टायपिंगसकट. त्यांना नेमकं टायपिंगच नको होतं. छापलेलं मशीनमध्ये पुसलं जात नाही."

चिक्कू हा शब्द मामांनी परत कधी वापरला नाही.

दिपालीताई खाली बसली. तिनं कागद माझ्याकडून मांडीवर घेतला. राखाडी अक्षरांत तिचं नाव होतं, आणि 'तिने माझी सेवा केली' हेही.

"म्हणजे लिहितानाच," ती म्हणाली, "लिहितानाच त्यांले माहीत होतं."

६

मामांनी कायदा समजावून सांगितला. तो ऐकायला कोणालाच नको होता.

कागद चुकून पुसला गेला असेल तर मृत्युपत्र जिवंत आहे आणि घर दिपालीचं. पण लिहिणाऱ्यानं स्वतःच, रद्द करायच्या इराद्यानं नष्ट केलं असेल, तर रद्द. मग निम्मं-निम्मं. पुसणं म्हणजे नष्ट करणं का, यावर भांडता येईल, पण वर्षानुवर्षं.

दिपालीताईनं माझ्याकडे पाहिलं. "तू लिहून देशील का मयुरा, का चुकून झालं?"

तिला घर मिळण्यासाठी माझी एक ओळ पुरेशी होती. ती ओळ कशी लिहायची तेही मला येत होतं.

"उष्णतेनं गेलं, थंडीनं आलं, एवढं लिहीन," मी म्हटलं. "पण कोर्टात कोणी विचारलं, तर कोपरा आणि पेन सांगावं लागेल. खोटं नाही बोलता येणार ताई."

"नको बोलू," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. ती भावाकडे वळली. "आणि तू? बाबांनी दाखवला ते सांगशील?"

सुशील नखं बघत होता. "सांगीन. मले शौक नाही आला वं. पण मी पण बिलं भरली. मले पण त्यांनी बनवलं. कोर्टकचेरी नको करू, दिपे. विकून टाकू, निम्मं घे. जागा पाहून देतो तुले मी, सावनेरले."

"पारशिवनीले जागा होती मले," ती म्हणाली. "शाळेच्या मागंच. दोन खोल्या."

मग ती मामांकडे वळली.

"वकीलसाहेब, हे कोर्टात टाकायचं असलं तर किती लागतात?"

"तुझ्याकडून मी फी..."

"नाही. फुकट नको. फुकटचं पायलं आता. किती लागतात ते सांगा."

मामांनी आकडा सांगितला. बाबारावांना सांगितलेल्या बारा हजारांपेक्षा तो कितीतरी मोठा होता आणि तोही सुरुवातीचा. "आणि स्पष्ट सांगतो बाई, हरशील. आज जे मयुरानं सांगितलं, ते तिथेही निघेल."

"निघू द्या." तिनं गळ्यातली साखळी चाचपून पाहिली, जणू तिचं वजन करत होती. "जज्जसमोर हा कागद मोठ्यानं वाचतील ना? त्यांच्या अक्षरातला? आणि मग कोणी पुसला, कसा पुसला, तेही सगळ्यांसमोर सांगतील?"

"हो."

"मंग टाका. जिंकायसाठी नाही म्हणत मी. या मोहल्ल्यात सगळे म्हणतात, बाबारावांनी पोरीसाठी किती केलं. त्यांले एकदा ऐकू तर येऊ द्या."

सुशील उठला. दारापर्यंत गेला, चपला घातल्या, आणि तसाच पाठमोरा उभा राहिला. त्याला थांबवायला कोणी हाक मारली नाही, तेव्हा तो गेला.

मी कागद पाकिटात घालून मामांच्या बॅगेत ठेवायला घेतला. दिपालीताईनं तो माझ्या हातून घेतला. कोर्टाच्या तारखेपर्यंत तो तिच्याजवळच राहील, म्हणाली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं फ्रीझर उघडला आणि बर्फाच्या ट्रेखाली जागा करू लागली.

"ताई, आता गरज नाही त्याची," मी समजावलं. "एकदा आलेली अक्षरं तशीच राहतात. आलमारीत ठेवलं तरी चालेल. खूप तापल्याशिवाय जाणार नाहीत."

तिनं कागद आत सरकवला, दार लावलं आणि ते नीट लागलं का ते ओढून पाहिलं.

"मे महिना येऊन राहिला," ती म्हणाली.